काविळीत केलेल्या लिपिड प्रोफाइलचा अर्थ काय घ्यायचा?

गिरणाकाठ (पाचोरा)

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाला कावीळ झाली आहे. वय २७, घरची शेती करतो, दारू-तंबाखू काही नाही. आधी ताप आणि मळमळ होती, फोडणीचा वासही सहन होत नव्हता. मग लघवी गर्द झाली आणि डोळे पिवळे दिसायला लागले. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या. लॅबमध्ये 'पूर्ण पॅकेज घ्या, स्वस्त पडेल' म्हणाले, म्हणून सगळंच केलं.

बिलिरुबिन ९.२, एसजीपीटी (यकृताचं एन्झाइम) १८४०, हिपॅटायटिस ए चा आयजीएम (ताज्या संसर्गाची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी ची तपासणी) निगेटिव्ह, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) १.२. इथपर्यंत डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पण त्याच पॅकेजात लिपिड प्रोफाइलही (रक्तातल्या चरबीची तपासणी) निघालं. एकूण कोलेस्टेरॉल १४८, ट्रायग्लिसराइड ३४२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ९, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७१.

एचडीएल ९ बघून घरात सगळे घाबरलेत. आमचे मोठे काका हृदयविकाराने अकाली गेले, त्यामुळे आई तर रात्री झोपत नाही. एक नातेवाईक म्हणतात, चांगलं कोलेस्टेरॉल इतकं कमी म्हणजे कधीही अटॅक येऊ शकतो. मेडिकलवाल्याने कोलेस्टेरॉलची गोळी सुचवली आहे, अजून दिलेली नाही. हे काविळीमुळे आहे की आधीपासून होतं? गोळी सुरू करावी का? जाणकारांनी कृपया सांगा.

सातपुडा_पायथा (यावल)

एचडीएल ९? असं कधी ऐकलं नाही. मशीनची गडबड असणार. दुसऱ्या लॅबमधून करून घ्या.

नळी_आणि_स्लाइड (चोपडा)

गिरणाकाठ भाऊ, गोळी सुरू करू नका. दुसऱ्या लॅबमध्येही पैसे घालू नका, तिथेही साधारण असाच आकडा येईल.

मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतोय. पिवळा सीरम समोर आला आणि एसजीपीटी हजाराच्या वर असलं, की त्यात एचडीएल दहाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतं. आम्ही नमुना पुन्हा चालवतो आणि तोच आकडा परत येतो. हे का होतं ते थोडं सविस्तर लिहितो, कारण पॅकेजच्या रिपोर्टवर नुसतं लाल अक्षरात 'लो' छापून येतं आणि माणसं हादरतात.

रक्तात कोलेस्टेरॉल दोन रूपांत असतं. एक सुटं आणि दुसरं फॅटी ॲसिड जोडलेलं, त्याला एस्टर म्हणतात. निरोगी माणसात साधारण ७० टक्के कोलेस्टेरॉल एस्टर रूपात असतं. ही जोडणी करणारं एन्झाइम म्हणजे एलकॅट, पूर्ण नाव लेसिथिन कोलेस्टेरॉल ॲसिल ट्रान्सफरेज. ते यकृतात तयार होतं आणि तिथून रक्तात येतं. विषाणूने यकृताच्या पेशींना सूज आली की काही दिवसांतच रक्तातलं एलकॅट घसरतं. मग एस्टरचं प्रमाण कोसळतं आणि सुटं कोलेस्टेरॉल वाढतं. म्हणून एकूण कोलेस्टेरॉल नॉर्मल दिसलं, तरी त्याच्या आतली मांडणी बिघडलेली असते. तुमच्या भावाचे १४८ हे असे आहेत.

आता एचडीएल. हा कण जन्मतः चपटा असतो. एलकॅट सुट्या कोलेस्टेरॉलचं एस्टर करून ते कणाच्या आत ढकलतं, तेव्हा कण फुगून गोल होतो, आणि आपण मोजतो ते मुख्यतः हे गोल कण. एलकॅटच नाही तर चपट्या चकत्या तशाच राहतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्या नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या दिसतात. त्यात एचडीएलचं मुख्य प्रथिन, अपो ए-वन, तेही बरंचसं यकृतातच बनतं आणि तेही कमी पडतं. दोन्हीकडून मार बसल्यावर आकडा ९ वर येणं अगदी शक्य आहे. जन्मतः एलकॅट नसलेली माणसं नॉर्वेतल्या एका कुटुंबात १९६७ साली पहिल्यांदा नोंदली गेली. त्यांच्यातही एचडीएल असंच तळाला असतं. फरक इतकाच, की त्यांचं आयुष्यभर राहतं आणि काविळीतलं यकृत सावरलं की वर येतं.

एलडीएलच्या ७१ वर तर अजिबात जाऊ नका. तो मोजलेला आकडा नाही, हिशेबाने काढलेला आहे. ट्रायग्लिसराइड भागिले ५, म्हणजे ६८. १४८ मधून ९ आणि ६८ वजा केले, उरले ७१. हे १९७२ सालचं फ्रीडवाल्ड सूत्र. ट्रायग्लिसराइड मुख्यतः व्हीएलडीएलमध्ये (यकृतातून ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या कणांत) आहे असं त्यात धरलेलं असतं. काविळीत ते गृहीतच मोडतं, कारण ट्रायग्लिसराइड एलडीएलच्या कणांतही शिरून बसलेलं असतं.

आणि हो, अशा रुग्णाची ब्लड स्लाइड पाहिली तर लाल पेशींमध्येही फरक दिसतो. सुटं कोलेस्टेरॉल पेशीच्या आवरणात जमा होतं, आवरण पसरतं आणि मध्ये ठिपका असलेल्या टार्गेट सेल दिसतात. रिपोर्टमध्ये तसं लिहिलं असेल तर त्यानेही घाबरू नका.

सातपुडा_पायथा (यावल)

हे माहीतच नव्हतं. मग ट्रायग्लिसराइड का वाढतं? भाऊ तर जेवतही नसणार.

पांझरेकाठ (धुळे)

मी फिजिशियन आहे. चोपड्याच्या भाऊंनी लॅबची बाजू नेमकी मांडली आहे. मी रुग्णाच्या बाजूने लिहितो.

आधी ट्रायग्लिसराइड. यकृतात हिपॅटिक लायपेज नावाचं आणखी एक एन्झाइम असतं. व्हीएलडीएल रिकामं होत होत त्याचं एलडीएल बनतं. त्या शेवटच्या टप्प्यात उरलेलं ट्रायग्लिसराइड काढून टाकायचं काम हे लायपेज करतं. यकृत सुजलं की तेही घटतं आणि ट्रायग्लिसराइडने भरलेले अर्धवट कण रक्तात फिरत राहतात. शिवाय कुठल्याही मोठ्या संसर्गात शरीर जी दाहक रसायनं सोडतं, त्यांनीही ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली जातं. जेवणाशी याचा संबंध थोडाच. २०० ते ५०० च्या दरम्यानचे आकडे अशा काविळीत सर्रास दिसतात आणि त्यासाठी वेगळं औषध लागत नाही. ट्रायग्लिसराइडमुळे स्वादुपिंडाला सूज येण्याची खरी धास्ती हजाराच्या वर असते. मात्र हिपॅटायटिस ए आणि ई मध्ये क्वचित विषाणूमुळेच स्वादुपिंडाला सूज येते. पोटात वरच्या बाजूला असह्य कळ येऊन ती पाठीत जात असेल तर थांबू नका.

गिरणाकाठ, आईंना शांतपणे सांगा: हा रिपोर्ट भावाच्या हृदयाबद्दल काहीच सांगत नाही. धमन्यांतला आजार वर्षानुवर्षं साचत जातो, काही आठवडे घसरलेल्या एचडीएलने तो होत नाही. हे आकडे त्याच्या यकृताबद्दल बोलतात. यकृत आत्ता कमी काम करतंय, इतकंच.

लक्ष द्यायचं ते दुसरीकडे. एसजीपीटी १८४० वाचून लोक घाबरतात, पण तो आकडा किती पेशींना इजा झाली ते दाखवतो. यकृताची ताकद किती उरली ते आयएनआर दाखवतं, आणि १.२ समाधानकारक आहे. पुढच्या तपासणीत ते वाढत असेल, भाऊ दिवसा झोपून रात्री जागायला लागला, बोलताना अडखळला, ओळखीच्या गोष्टीत गोंधळला, उलट्या थांबत नसतील किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्या. सकाळची वाट पाहू नका. यकृत खरोखर निकामी व्हायला लागलं की एकूण कोलेस्टेरॉलही खूप घसरतं, कारण ते बनवणारा अवयवच थकलेला असतो. माझ्या दृष्टीने काविळीत वाढलेल्या कोलेस्टेरॉलपेक्षा झपाट्याने पडणारं कोलेस्टेरॉल जास्त काळजीचं.

लिपिड पुन्हा केव्हा करायचं? बिलिरुबिन आणि एसजीपीटी नॉर्मल झाल्यावर आणखी थोडे आठवडे जाऊ द्या. साधारण तीन महिन्यांनी केलं तर चालेल. काकांचा इतिहास आहे, त्यामुळे तेव्हा नक्की करा. आज त्यावर एकही गोळी नको.

गिरणाकाठ (पाचोरा)

डॉक्टरसाहेब, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. फार आधार वाटला. चोपड्याच्या भाऊंचेही मनापासून आभार.

बोरीकाठ (अमळनेर)

पण माझ्या मामांचं उलट झालं होतं. त्यांनाही व्हायरल कावीळच होती, पण कोलेस्टेरॉल ३८० वर गेलं. अंगाला इतकी खाज, की रात्रभर ओरबाडायचे. कावीळही दोन-अडीच महिने रेंगाळली. मग कमी होतं की वाढतं?

नळी_आणि_स्लाइड (चोपडा)

दोन्ही होऊ शकतं. मामांची कावीळ पित्त अडून राहणाऱ्या प्रकारची झाली असणार. हिपॅटायटिस ए मध्ये काही जणांना असं होतं. पेशींची सूज ओसरते, पण पित्त यकृताबाहेर नीट पडत नाही. बिलिरुबिन चढं राहतं, अल्कलाइन फॉस्फटेज वाढतं, खाज सुटते, शौचाचा रंग पांढुरका होतो. कोलेस्टेरॉल शरीराबाहेर जायचा मुख्य रस्ता पित्ताचाच. तो अडला की पित्तातलं फॉस्फोलिपिड आणि सुटं कोलेस्टेरॉल उलटं रक्तात येतं आणि त्यातून लायपोप्रोटीन एक्स नावाचा वेगळाच कण बनतो. त्याच्या पोटात एस्टर नसतं, अल्ब्युमिन असतं. हा कण साध्या तपासणीत एलडीएलच्याच खात्यात मोजला जातो आणि रिपोर्टवर 'एलडीएल खूप वाढलं' असं छापून येतं.

पांझरेकाठ (धुळे)

बरोबर. अशा रुग्णाला कोलेस्टेरॉलच्या गोळ्या देऊन उपयोग नसतो. पित्त वाहायला लागलं की लायपोप्रोटीन एक्स आपोआप जातं. फक्त पित्तमार्गात खडा किंवा गाठ नाही ना, हे सोनोग्राफीने पाहायलाच हवं. दीर्घ काळ खाज असलेली प्रत्येक कावीळ व्हायरल असतेच असं नाही. मामा आता कसे आहेत?

बोरीकाठ (अमळनेर)

ठणठणीत आहेत. सोनोग्राफी झाली होती, खडा नव्हता. पुढे कोलेस्टेरॉल १९० आलं, कुठल्याही गोळीविना. आज कारण समजलं.

मेहरुणची_बोरं (जळगाव)

जेवणाचं कोणी सांगेल का? आमच्याकडे कावीळ म्हटलं की तेल, तूप, हळद, डाळ सगळं बंद. नुसते फुटाणे आणि उसाचा रस. माझ्या दिराला मागच्या उन्हाळ्यात असंच ठेवलं, तो उठून उभा राहीना. आणि ट्रायग्लिसराइड वाढतं म्हणजे तेल बंद करणं बरोबरच आहे, असं सासूबाई आता म्हणतील.

पांझरेकाठ (धुळे)

ताई, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. काविळीतलं ट्रायग्लिसराइड खाल्लेल्या तेलाने वाढलेलं नसतं, त्यामुळे तेल पूर्ण बंद करून ते उतरतही नाही. मळमळ असताना तेलकट नको वाटतं, म्हणून त्या दिवसांत हलकं द्यायचं, एवढाच नियम. यकृताला पेशी पुन्हा बांधायच्या असतात, त्यासाठी प्रथिनं आणि उष्मांक लागतात. अमेरिकन सैनिकांवर थॉमस चामर्स यांनी केलेला प्रयोग १९५५ साली प्रसिद्ध झाला. सक्तीने अंथरुणाला खिळवून ठेवलेले आणि जमेल तशी हालचाल करणारे यांच्या बरे होण्यात फरक पडला नाही, आणि भरपेट जेवणानेही नुकसान झालं नाही. आपण अजून माणसाला उपाशी ठेवतोय.

मूगडाळीची खिचडी, वर चमचाभर तूप. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, दूध-दही, वरण, अंडं चालत असेल तर अंडं. हळदीने कावीळ वाढत नाही. शेवभाजीची तर्री आणि भरितावर ओतलेलं तेल भूक परत येईपर्यंत थांबवा, कायमचं नाही. केळी तर आपल्या दारात पिकतात. स्वच्छ हाताने सोलून द्या, सोपं आणि सुरक्षित फळ आहे.

उसाच्या रसाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. घरी किंवा स्वच्छ ठिकाणी काढलेला, बिनबर्फाचा, पेलाभर रस द्यायला हरकत नाही. पण रस्त्यावरच्या रसवंतीतला बर्फ कुठल्या पाण्याचा, हे कुणालाच माहीत नसतं. ज्या पाण्याने कावीळ झाली, तेच पाणी औषध म्हणून पुन्हा पाजायचं का? आणि दिवसभर नुसता रस म्हणजे नुसती साखर. प्रथिनं शून्य, आणि जादा साखरेचं यकृत ट्रायग्लिसराइडच बनवतं.

मेहरुणची_बोरं (जळगाव)

सासूबाईंना वाचून दाखवते. डॉक्टरांनी लिहिलंय म्हटल्यावर ऐकतील. अजून एक, नाकात थेंब टाकून कावीळ उतरवतात, त्याबद्दलही लिहा ना.

पांझरेकाठ (धुळे)

देवडांगरीच्या फळाचा अर्क नाकात टाकतात. नाकातून धो धो पिवळं पाणी वाहतं आणि लोकांना वाटतं कावीळ बाहेर पडली. ते पाणी नाकाच्या अस्तराला झालेल्या जळजळीचं असतं. बिलिरुबिन नाकातून बाहेर पडत नाही. नाकातून रक्त आलेले, नाक-घसा सुजलेले रुग्ण मी पाहिले आहेत. हिपॅटायटिस ए बहुतेकांत आपोआप बरी होते, त्यामुळे यश थेंबांच्या नावावर जमा होतं. जे बरे होणार नसतात, त्यांचे मोलाचे दिवस मात्र यात जातात. ज्यांना माळ घालायची त्यांनी घालावी, त्याने इजा होत नाही. पण नाकात थेंब नकोत, पोटात अनोळखी मुळी नको, आणि आयएनआर तपासायला उशीर नको.

आखाजीचा_झोका (साक्री)

डॉक्टरसाहेब, मन्हा आंडोरले बी कावीळ व्हयेल शे. आठ वरीसना शे. त्यानं बी लिपिड करनं पडी का?

पांझरेकाठ (धुळे)

नाही ताई, अजिबात गरज नाही. बोट टोचायचं ते कामाच्या तपासणीसाठीच. लहान मुलांत हिपॅटायटिस ए बहुधा सौम्य असते, सहा वर्षांखालच्या बऱ्याच मुलांना तर कावीळ दिसतही नाही. पाणी, ताक, खिचडी देत राहा. पॅरासिटामॉल स्वतःच्या मनाने देऊ नका, बालरोगतज्ज्ञांना विचारून वजनाप्रमाणे द्या. मूल झोपाळू, चिडचिडं किंवा वेगळं वागतंय असं वाटलं तर लगेच दाखवा. घरातल्या इतर मुलांना हिपॅटायटिस ए ची लस देता येईल का, तेही विचारा. संपर्कानंतर दोन आठवड्यांच्या आत दिली तर उपयोग होतो.

आखाजीचा_झोका (साक्री)

बरं साहेब. धाकली आंडेर शे घरमा. सकाळीच विचारस.

वाघूर_फाटा (भुसावळ)

माझ्या वडिलांना आजच हिपॅटायटिस ई निघाली. ते अटोर्व्हास्टॅटिन २० (कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी) घेतात, सात-आठ वर्षांपूर्वी स्टेंट बसवली आहे. गोळी चालू ठेवू का बंद करू? धाग्यावरून वाटतंय बंद करावी.

पांझरेकाठ (धुळे)

धाग्यावरून ठरवू नका, आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. तीव्र काविळीत स्टॅटिन सहसा काही आठवडे थांबवतात आणि यकृताच्या तपासण्या सुधारल्या की पुन्हा सुरू करतात. स्टेंट जुनी आणि तब्येत स्थिर असेल तर तेवढ्या खंडाची फार चिंता नसते. अलीकडे अटॅक आला असेल तर हृदयरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन यांनी मिळून ठरवायचं. एक गोष्ट मात्र नक्की करा: बरे झाल्यावर गोळी पुन्हा सुरू करायला विसरू नका. कावीळ झाली म्हणून कायमची सोडलेली स्टॅटिन मी वारंवार पाहतो. आणि काविळीत आलेला 'कोलेस्टेरॉल १२०' हा रिपोर्ट दाखवून 'आता गोळीची गरज नाही' असं ठरवणारेही भेटतात. ती घट गोळीच्या यशाची नसते, आजाराची असते. स्टेंटवाल्या माणसासाठी हा गैरसमज जीवावर बेतू शकतो.

वाघूर_फाटा (भुसावळ)

फोन केला. सध्या थांबवायला सांगितली, पुढच्या आठवड्यात आयएनआर आणि एसजीपीटी बघून ठरवणार. रक्त पातळ करायची गोळी बंद करू नका असं बजावलं. बरं झालं विचारलं.

अनेर_काठ (शिरपूर)

मी आशा सेविका आहे. हिपॅटायटिस ई चा विषय निघालाच आहे तर गरोदर बायांबद्दल लिहा. आमच्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, पहिलं बाळंतपण तर माहेरीच. पाणी टँकरचं, लग्नाचे मंडप, वरण-बट्टीच्या पंगती, पिंपातलं बर्फाचं पाणी. त्यानंतर वटसावित्रीच्या सुमाराला कावीळ दिसायला लागते.

पांझरेकाठ (धुळे)

ताई, तुमचं निरीक्षण शास्त्राशी तंतोतंत जुळतं. हिपॅटायटिस ई चा विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे, सरासरी पाच-सहा आठवडे जातात. आखाजी ते वटसावित्री तेवढंच अंतर. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती आधी हिपॅटायटिस ए समजली गेली, पुढे जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून ई असल्याचं सिद्ध झालं.

इतरांना हा आजार बहुधा सोडून देतो, पण शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर स्त्रियांत मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. म्हणून गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले की घरगुती उपाय नाही, दुसऱ्या दिवसाची ओपीडी नाही, थेट जिथे स्त्रीरोग आणि आयसीयू दोन्ही आहेत तिथे.

लिपिडबद्दल: गरोदरपणात ट्रायग्लिसराइड एरवीही दुप्पट-तिप्पट होतं आणि कोलेस्टेरॉलही वाढतं. त्यामुळे तिथे पॅकेजचे आकडे आणखीच फसवे. उलट शेवटच्या महिन्यांत कोलेस्टेरॉल आणि साखर दोन्ही अनपेक्षितपणे कमी आली आणि उलट्या असतील, तर गरोदरपणात यकृतात चरबी साचण्याचा एक वेगळा, गंभीर आजार डॉक्टरांच्या डोक्यात यायला हवा. त्यावर तातडीने प्रसूती करावी लागते.

अनेर_काठ (शिरपूर)

हे आमच्या गटाच्या बैठकीत सांगते. पाण्याचंही सांगते. जलसुरक्षकाने टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) टाकली का, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते रंगावरून बघायची चाचणी) केली का, हे बाया विचारतच नाहीत. नळाच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन यायला हवं. टाकीजवळ पिवळा रंग येतो आणि शेवटच्या गल्लीत काहीच येत नाही, असं मी स्वतः पाहिलंय.

गिरणाकाठ (पाचोरा)

शेवटच्या गल्लीचं अगदी खरं. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. नळ बंद असताना पाइपात दाब राहत नाही आणि गटारातून गेलेल्या पाइपाला चीर असेल तर घाण आत ओढली जाते. पहिलं पाणी गढूळ येतं ते त्यामुळेच. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून लेखी अर्ज दिला. खोदल्यावर गटारातच जोड निसटलेला सापडला. आता बदललाय. तोवर प्रत्येक घरात पाणी उकळूनच.

भावाचंही सांगायचं होतं. बिलिरुबिन दोन महिन्यांत नॉर्मल झालं. ठरल्याप्रमाणे थांबून परवा लिपिड केलं: एकूण १८६, ट्रायग्लिसराइड १५०, एचडीएल ३८, एलडीएल ११८. एकही गोळी नाही. आई चोपड्याच्या भाऊंना आणि डॉक्टरांना आशीर्वाद देतेय.

नळी_आणि_स्लाइड (चोपडा)

माउलींना नमस्कार सांगा. ९ वरून ३८, म्हणजे एलकॅट पुन्हा कामाला लागलं.

पांझरेकाठ (धुळे)

आनंद झाला. आता हे आकडे भावाचे खरे आकडे. पुरुषात एचडीएल ४० च्या वर हवं, त्यामुळे ३८ जरा कमी आहे, आणि काकांचा इतिहास लक्षात घेऊन रक्तदाब, साखर, कमरेचा घेर हेही एकदा पाहून घ्या. याची चर्चा आज करायची, तीन महिन्यांपूर्वी नाही.

गोमाई_तीर (शहादा)

धागा सगळा वाचला. माझ्या नवऱ्याला कावीळ आहे, हिपॅटायटिस बी निघाली. एचडीएल १४, ट्रायग्लिसराइड २९०. लिपिडचं आता समजलं, त्याची भीती गेली. पण हा आजार कायमचा राहतो म्हणतात. सासूबाई आणि मी, आणि मुलगी चार वर्षांची. आम्ही काय करायचं?

पांझरेकाठ (धुळे)

ताई, आधी दिलासा. मोठ्या वयात नव्याने झालेली हिपॅटायटिस बी ९५ टक्क्यांहून जास्त लोकांत शरीर स्वतःच घालवतं. बाळाला जन्मताना झाली तर उलट, सुमारे ९० टक्के मुलांत ती राहते. म्हणून जन्मल्यावर २४ तासांच्या आत लस देतात. नवऱ्याची एचबीएसएजी तपासणी सहा महिन्यांनी पुन्हा करायची. निगेटिव्ह आली तर संपलं. तेव्हाही पॉझिटिव्ह असेल तर जुनाट समजून पुढे नियमित तपासणी. मात्र त्यांना ही आत्ताच झाली की आधीपासून होती आणि आत्ता उसळली, हे 'अँटी-एचबीसी आयजीएम' या तपासणीने बरंच कळतं, ती झाली आहे का विचारा.

तुम्ही तिघींनी एचबीएसएजी आणि प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या. संरक्षण नसेल तर तुम्ही आणि सासूबाईंनी लस घ्यायची: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. मुलीचं लसीकरण कार्ड बघा, तिचे डोस झालेले असणार. तोपर्यंत वस्तरा, नेलकटर, टूथब्रश वेगळे ठेवा आणि संबंधात निरोध वापरा. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, एकत्र जेवल्याने हा आजार पसरत नाही. त्यांना घरात वेगळं बसवू नका.

खर्चाची चिंता असेल तर २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्यात बी आणि सी ची तपासणी आणि गरज पडल्यास औषधं सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात.

नळी_आणि_स्लाइड (चोपडा)

सी चं नाव निघालं म्हणून एक भर. जुनाट हिपॅटायटिस सी मध्ये विषाणू व्हीएलडीएलला चिकटून रक्तात फिरतो आणि एलडीएल बऱ्याचदा कमी दिसतं. औषधांनी विषाणू गेला की एलडीएल वाढतं. अशा रुग्णांनी उपचार संपल्यावर लिपिड नक्की तपासावं, कारण तेव्हा दिसणारं एलडीएल खरंच त्यांचं असतं आणि त्यावर इलाज लागू शकतो.

गोमाई_तीर (शहादा)

डॉक्टर, मुलीच्या कार्डावर पेंटाव्हॅलंटचे तिन्ही डोस आहेत, जन्माच्या डोसापुढे मात्र काही लिहिलेलं नाही. चालेल का?

पांझरेकाठ (धुळे)

पेंटाव्हॅलंटमध्ये बी ची लस असते, त्यामुळे तीन डोस पूर्ण आहेत. तरी घरात रुग्ण आहे म्हणून तिचं एचबीएसएजी आणि प्रतिपिंडांचं प्रमाण दोन्ही एकदा बघून घ्या. नवऱ्याच्या रिपोर्टची झेरॉक्स सोबत न्या.

गोमाई_तीर (शहादा)

सोमवारी सासूबाईंना आणि मुलीला घेऊन जाते. 'आयजीएम' चंही विचारते आणि रिपोर्ट इथे टाकते.